२० मेचा समारंभ: मुलीला नेऊ का, आणि नेलं तर सांगू काय?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. लेकीला चौथीत शिकवलं, की २० मे १७७५ ला आपल्या मेक्लेनबर्ग काउंटीने इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला. फिलाडेल्फियात अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच्या वर्षभर आधी! नॉर्थ कॅरोलायनाच्या झेंड्यावरही तीच तारीख. लेकीने त्या घोषणापत्राचा मूळ कागद शोधायला घेतला, तर तो १८०० सालच्या आगीत जळालेला. आता रोज एकच: "बाबा, मग खोटं आहे का?" ट्रेड आणि ट्रायॉन रस्त्यांच्या चौकात समारंभ असतो म्हणे. कोणी गेलंय का?

प्रतिसाद १
माझं ऑफिस तिथून जवळच, त्यामुळे मी जातो. तिकोनी टोप्या घातलेली मंडळी, बंदुका, घोषणापत्राचं वाचन आणि तोफ. पहिल्या वर्षी तोफेच्या दणक्याने माझा डबा पायऱ्यांवरून खाली गेला. कानात कापूस घालून न्या लेकीला.

खरं-खोटं म्हणाल तर, आज आहे तो मजकूर छापला गेला १८१९ मध्ये, तोही आगीनंतर आठवणीतून लिहिलेल्या टिपणांवरून. त्यातले काही शब्द जेफरसनने लिहिलेल्या १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी हुबेहूब जुळतात. संशय येणारच! पण ३१ मे १७७५ चे ठराव त्या काळच्या वर्तमानपत्रांतच छापलेले सापडले. राजाने दिलेले अधिकार रद्द, कारभार आमचा आम्ही बघू, असं त्यात आहे. स्वातंत्र्य मात्र सरळ जाहीर केलेलं नाही. पार्लमेंटने माघार घेतली तर बघू, अशी फट ठेवलीय. मला तर हेच जास्त धाडसाचं वाटतं. ठराव करणाऱ्यांना फाशी दिसत असणार.

गंमत म्हणजे २० आणि ३१ मध्ये ११ दिवस, म्हणजे जुन्या-नव्या इंग्रजी कॅलेंडरातला नेमका फरक. त्यावरूनही काहींनी मेळ घालून पाहिलाय. तिथी की तारीख, इथेही सुटका नाही.

प्रतिसाद २
जेफरसनने १८१९ मध्येच माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सला कळवलं होतं, की हे घोषणापत्र मला बनावट वाटतं. टाफ्ट, विल्सन, आयझेनहॉवर, फोर्ड असे राष्ट्राध्यक्ष उत्सवाला येऊन गेले म्हणून ते खरं ठरत नाही. न्या जरूर, पण झेंड्यावरची दुसरी तारीखही दाखवा: १२ एप्रिल १७७६, हॅलिफॅक्सचे ठराव, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाने आपल्या प्रतिनिधींना स्वातंत्र्याच्या बाजूने मत द्यायची दिलेली मुभा. तिच्याबद्दल कोणाचं भांडण नाही, म्हणून तिला कोणी विचारतही नाही.

प्रतिसाद ३
लिटल शुगर क्रीकच्या काठी कॅप्टन जेम्स जॅकचा घोड्यावरचा पुतळा आहे, तो आधी दाखवा. कागद घेऊन फिलाडेल्फियाला, वसाहतींच्या काँग्रेसकडे गेला तो हाच. ठराव तिकडे जासुदाकरवी पाठवल्याचं इंग्रजांच्या गव्हर्नरनेच तक्रारीच्या पत्रात लिहून ठेवलंय. शत्रूची साक्ष!

मूळ प्रश्नकर्ता
आभार. शनिवारी पुतळा झाला. आता नवीन प्रश्न: घोड्याचं नाव काय?