मोहाच्या क्षणी प्रार्थना करूनही मन त्याच विचारात का घोटाळते?

वाटसरू (प्रश्न)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. एका मोहाशी माझा झगडा दीर्घकाळ चालू आहे. रात्री घरातले सगळे झोपले, की मोबाईलवर नको ती चित्रे पाहण्याची ओढ लागते. त्या क्षणी मी डोळे मिटून 'प्रभू, ही इच्छा माझ्यातून काढून टाक' असे पुन्हा पुन्हा म्हणतो. पण जितके म्हणावे तितके ते विचार अधिकच ठळक होत जातात. माझा विश्वास उणा पडतो, की प्रार्थनेच्या पद्धतीतच काही चुकते? शिवाय असे विचार मनात येणे हेच पाप असेल, तर लढण्याआधीच मी हरलो, असे समजायचे का? कृपया वचनाच्या आधारे मार्गदर्शन करावे.

सायंतारा

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ती मनात राहिली तर प्रार्थनेला बसण्याचे धैर्यच होणार नाही. इब्री ४:१५ सांगते, की प्रभू येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह समोर येणे हे पाप नव्हे. याकोब १:१४-१५ मध्ये क्रमही दिला आहे: आधी वासना ओढते, मग ती गर्भ धरते आणि त्यानंतर पाप जन्माला येते. मत्तय ५:२८ मधला प्रभूचा कडक इशारा मुद्दाम वासनेने पाहणाऱ्या नजरेबद्दल आहे. विचार दारात डोकावणे वेगळे आणि त्याला आत बोलावून त्याची सरबराई करणे वेगळे.

जुना वाचक

पद्धतीविषयी लिहितो. 'ही इच्छा काढून टाक' ही प्रार्थना चुकीची नाही, परंतु तीच सतत घोकली तर तोंडी देवाचे नाव आणि डोळ्यांपुढे मात्र ती इच्छाच, अशी अवस्था होते. सैतानाने अरण्यात प्रभू येशूला तीनदा मोहात पाडू पाहिले, तो प्रसंग पाहा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागली असता प्रभूने भुकेची चर्चा केली नाही. तिन्ही वेळा त्याने 'असा शास्त्रलेख आहे' असे म्हणून जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६व्या आणि ८व्या अध्यायांतील वचने उच्चारली, आणि ती तिन्ही देवाविषयी आहेत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रिअस या साधकाने हाच धडा घेऊन आठ प्रकारच्या दुष्ट विचारांना उत्तर देणारी सुमारे ५०० वचने संकलित केली होती. तुम्ही दोन-तीन वचने आधीच पाठ करून ठेवा, मोहाच्या क्षणी उठून बसा, ती मोठ्याने म्हणा, आणि मग स्वतःविषयी न बोलता देवाचे आभार माना किंवा आजारी, दुःखी अशा कोणासाठी तरी मध्यस्थीची प्रार्थना करा.

दीपस्तंभ

वरील उत्तराला एक जोड आवश्यक वाटते. वचन म्हणजे मंत्र नव्हे. त्याच अरण्यात सैतानानेही ९१व्या स्तोत्राचा आधार घेतला होता. वचन पाठ असूनही पाऊल तिथेच रेंगाळत असेल तर उपयोग नाही. धनी पोटीफर याची बायको योसेफाला मोहात पाडू लागली, तेव्हा त्याने तिच्यापुढे प्रार्थना केल्याचे उत्पत्ति ३९ मध्ये नाही. तो आपले वस्त्र तिच्या हाती सोडून बाहेर पळाला. १ करिंथ ६:१८ मध्ये पौलाची आज्ञाही पळ काढण्याचीच आहे. म्हणून मोबाईल निजायच्या खोलीबाहेर ठेवणे हाही मला आज्ञापालनाचाच भाग वाटतो. गेथशेमाने बागेत, अटक होण्यापूर्वी, प्रभूने शिष्यांना जागृत राहून प्रार्थना करायला सांगितले ते परीक्षा येण्यापूर्वी. तेव्हा तुमची मुख्य प्रार्थना संध्याकाळी, मन शांत असतानाच होऊ द्या. याकोब ५:१६ प्रमाणे एखाद्या परिपक्व विश्वासू बंधूला किंवा आपल्या पाळकांना हे सांगा. सवय व्यसनाच्या थराला गेली असेल, तर समुपदेशकाची मदत घेण्यात विश्वासाचा कमीपणा नाही.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. एकच विचारतो. पडल्यानंतर त्याच रात्री प्रार्थना करायला तोंड उरत नाही, ढोंग केल्यासारखे वाटते. काही दिवस जाऊ द्यावेत का?

सायंतारा

नाही, एक रात्रही जाऊ देऊ नका. लूक २२:३१-३२ वाचा: पेत्र या शिष्याने प्रभूला नाकारण्यापूर्वीच प्रभू त्याला सांगतो, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र पडणार हे ठाऊक असूनही प्रभूची ती विनंती थांबली नाही. १ योहान १:९ मध्येही पाप कबूल करण्यापूर्वी अमुक दिवस शुद्ध राहण्याची अट घातलेली नाही. लाज वाटते म्हणून जितके दूर राहाल तितका पुढचा मोह सोपा होईल. त्याच रात्री पश्चात्तापाचे ५१वे स्तोत्र मोठ्याने वाचा, जे घडले ते आडपडदा न ठेवता प्रभूला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी ज्या बंधूवर विश्वास टाकला असेल त्यालाही कळवा.