घरकुलाचा स्लॅब की कवेलूचं घर?

कपाशीवाला, हिंगणघाट तालुका:
आमचं मातीचं घर पाडून तीन वर्षांपूर्वी घरकुल बांधलं. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार, वर घरचे टाकले. स्लॅब पडला तेव्हा पेढे वाटले. आता मे महिन्यात रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. आजी दुपारी जेवून सरळ गोठ्यात जाते. तिथे जुने कवेलू, म्हणजे कौलं आहेत, जाड मातीची भिंत आहे. म्हशीशेजारी बाज टाकून ती गाढ झोपते आणि आम्ही पंख्याखाली घामाघूम. स्लॅब दिवसभर ऊन पितो, रात्रभर तेच घरात सोडतो. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या मुलखात आपण अशी घरं का बांधतो? हरित घर म्हणून शहरात जे बंगलेवाल्यांना विकतात, ते आपल्याकडे होतं. घरकुलात माती आणि कवेलू परत आणा.

सारवणवाली, दारव्हा:
भाऊ, मातीच्या घराचं कौतुक कराचं असन तं पहिले सारवणाऱ्या बाईले विचारा. मी वीस वर्स केलं. मिरगाच्या आंधी कवेलू फेरा, भिंती छाबा, आठवड्याले सारवण. उंदरानं पोखरलं का मांगून साप येये. माकडाईचं टोयकं एका उडीत कवेलूचा चुरा करे, अन् पाऊस आला का रातभर घरात गंज-बगुने मांडत बसा. कवेलू घडवणारा कुंभारही आमच्या गावात राह्यला नाई. स्लॅब तापते, खरं हाय. पन पोरीचे वह्या-पुस्तकं कोरडे राह्यते. मले परत मातीत जा म्हनू नका.

निवृत्त ग्रामसेवक, वर्धा:
ताईंचा त्रास खरा आहे, मी पाहिलेला आहे. पण स्लॅबच हवा असं योजना म्हणत नाही. किमान २५ चौरस मीटर जागा आणि साध्या देखभालीत निदान ३० वर्षं टिकेल असं पक्कं घर, एवढंच. स्थानिक साहित्यातल्या घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रह केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच काढला आहे. अडतं अनुदानाच्या हप्त्यापाशी. वेगळं घर दिसलं की अभियंता विचारात पडतो, आणि गरीब माणूस हप्ता अडकवून घेणार नाही. स्लॅबच्या फायलीवर कधी प्रश्न आला नाही, म्हणून मीही लोकांना स्लॅबच सुचवत आलो. ते चुकलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. तिथे शंकूसारख्या भाजक्या नळ्या एकात एक अडकवून कमानीचं छप्पर करतात, सळई लागत नाही.

सारवणवाली, दारव्हा:
त्याच्यावर माकड कुदलं तं?

निवृत्त ग्रामसेवक, वर्धा:
वरून गिलावा होतो ताई. सुटं कवेलू उघडं राहत नाही.

बांधकामवाला, यवतमाळ:
काका, तुमच्या कमानीला बाजूचा रेटा असतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया जरासा हलला की कमान तडकलीच. म्हणजे आधी काळी माती काढून मुरूम भरा, दाबा, मग पाया. हे घरकुलाच्या पैशांत बसवून दाखवा. गरिबाच्या घरावर प्रयोग नकोत. आहे त्या स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारा, पांढरं छत ऊन परतवतं. दरवर्षी मारावा लागेल, पण परवडतो.

कपाशीवाला, हिंगणघाट तालुका:
चुना मारतोच. पण मुरूम स्लॅबच्या घरालाही लागतो दादा. आमच्याकडे तो कुणी भरला नाही, तिसऱ्याच वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली. तेव्हा प्रयोग कुठला आणि खात्रीचं काय, मला पटत नाही. यंदाच्या यादीत चुलतभावाचं नाव आहे, पाया अजून खणायचा आहे. त्याला काय सांगू?

सारवणवाली, दारव्हा:
त्याले सांगा, दत्तपूरले जाय, भर पावसात जाय, अन् ते छप्पर गयते का पाहून ये. नाई गयत असन तं ते बांधणाऱ्या गवंड्याचा पत्ता आन. आमच्या तालुक्यात तसा एकही गवंडी नाई. एक जरी आला, तं मी सोता त्याच्या हाताखाली काम शिकाले तयार हाय.