संशोधनासाठी चॅटरूम: ‘व्हॉट्सॲपवर भागते’ हे म्हणणे मान्य नाही

सीताबर्डीकर
काल एका विद्यार्थ्याने शैक्षणिक संशोधनासाठी ऑनलाइन चॅटरूम कुठे शोधाव्यात आणि कोणते चॅट सॉफ्टवेअर वापरावे, असे विचारले होते. त्याला उत्तर मिळाले की चॅटरूमचा जमाना संपला. विषयाचा एखादा व्हॉट्सॲप गट गाठावा, चॅट एक्स्पोर्ट करावे, म्हणजे त्याची फाइल बाहेर काढावी, आणि प्रकरण लिहायला बसावे. असल्या सल्ल्याने पोरांचे पीएच.डी.चे काम मध्येच अडकते, म्हणून सविस्तर लिहितो.

याहूच्या चॅटरूम २०१२ मध्ये बंद झाल्या, याहू ग्रुप्सही २०२० मध्ये गेले, हे खरे. परंतु १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात सुरू झालेले आयआरसी, म्हणजे चॅनेलांत मजकुरातून गप्पा मारण्याची व्यवस्था, आजही चालू आहे. २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या ताब्यावरून वाद पेटला, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक समुदायांनी लिबेरा चॅट या नव्या नेटवर्कवर बिऱ्हाड हलवले. बोलणे थांबले नाही. गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेणारी लीन या संगणकभाषेची मंडळी झुलिप या चॅट सॉफ्टवेअरवर चर्चा करतात आणि ती विषयवार लावलेली असल्याने जुने बोलणेही सापडते. आधी प्रश्न ठरवावा, त्या प्रश्नाची माणसे कुठे बोलतात ते त्यांच्याच संकेतस्थळांवर पाहावे, आणि मगच सॉफ्टवेअर निवडावे.

मृगबहार
तो सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. विद्यार्थी संत्रा बागायतदारांवर काम करतो, हे आपण वाचलेलेच दिसत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडचा शेतकरी आयआरसीवर भेटणार आहे काय? आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याची, फळगळ सुरू झाली की आमच्या गटात सकाळपासून देठाजवळ काळपट पडलेल्या फळांचे फोटो येतात, बुंध्यातून डिंक ओघळणाऱ्या झाडाचा व्हिडिओ येतो, आणि एका पंपाला औषध किती घालायचे यावर दुपारपर्यंत वाद रंगतो. हे ज्ञान आपल्या झुलिपवर कुठून येणार? संगणकवाल्यांना जगात फक्त संगणकवालेच राहतात असे वाटते, हे माझे जुने दुखणे आहे.

धरमपेठ_सांख्यिकी
माणसे व्हॉट्सॲपवर आहेत, हे मान्य. परंतु आपण वर्णन केलेले बरेचसे एक्स्पोर्टमध्ये निसटू शकते. मीडियाशिवाय फाइल काढली, तर त्या फोटोच्या आणि व्हॉइस मेसेजच्या जागी मीडिया वगळल्याची कोरडी ओळ तेवढी उरते. ज्यांचे नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह नाहीत, त्यांचे मोबाइल नंबर मात्र ओळीओळीला उघडे दिसतात, आणि ती फाइल पुढे गाइडच्या मेलमध्ये व मित्राच्या पेनड्राइव्हमध्ये फिरत राहते. शिवाय एक्स्पोर्ट रोखण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२५ मध्येच दिली आहे. उद्या गटाने ती चालू केली, तर प्रबंधाचे काय करणार?

बागायतदाराची_लेक
सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न नंतरचा. माझ्या वडिलांनी अशाच एका गटात बाग वाळल्याचे आणि कर्ज थकल्याचे सांगणारा व्हॉइस मेसेज टाकला होता. गटात कोणी संशोधक बसला आहे, हे एकाही सदस्याला माहीत नव्हते. पुढे एका चर्चासत्रात तो मजकूर शब्दशः वाचून दाखवला गेला. नाव वगळले होते, परंतु गाव, एकर आणि बोलण्याची लकब यांवरून आमच्या भागातल्या श्रोत्यांनी त्यांना लगेच ओळखले. त्या दिवसापासून बाबा गटात एक अक्षर लिहीत नाहीत. ‘गट गाठा आणि एक्स्पोर्ट करा’ असे ज्यांना सहज लिहिता येते, त्यांनी माझ्या वडिलांसमोर बसून ते म्हणून दाखवावे.

मृगबहार
आपल्या वडिलांच्या बाबतीत घडले ते वाईटच, परंतु त्याचे खापर माझ्यावर फोडू नका. मी स्वतः बागायतदार आहे. माझेही बोलणे त्याच गटात असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे. गटाच्या दारातच ‘इथे संशोधक आहे’ अशी पाटी लावली, तर लोक सावरून, शिकवल्यासारखे बोलतील आणि अभ्यासाला खोटे साहित्य मिळेल. मग खेड्यांचा अभ्यास करायचाच नाही, असे स्पष्ट सांगा!

बागायतदाराची_लेक
सूट सरसकट नाही. तो डेटा कोणा एका व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी वापरायचा नाही आणि काम ठरवून दिलेल्या मानकांनुसार करायचे, अशा अटी त्याच कलमात आहेत. माणसाने स्वतः जगजाहीर केलेली माहिती वेगळी आणि बंद गटात ओळखीच्यांशी बोललेले वेगळे. आयआरसीवरसुद्धा चॅनेलमधले बोलणे जाहीरपणे नोंदवून ठेवायचे असेल, तर विषयाच्या ओळीत तसे लिहून ठेवण्याची रीत आहे. संगणकवाल्यांना एवढी अदब कळते, मग आपल्याच गावच्या माणसांना ती दाखवताना अभ्यास कसा बिघडतो?

सीताबर्डीकर
मृगबहार, शेतकऱ्यांसाठी व्हॉट्सॲप टाळता येणार नाही, हे आपले म्हणणे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु चालू गटात गुपचूप शिरण्यापेक्षा अभ्यासासाठी वेगळा गट काढावा, काय जपले जाईल आणि कोण वाचेल हे मराठीत लिहून, आणि ज्यांना वाचणे जड जाते त्यांना बोलून, सांगावे. फोटो व व्हॉइस मेसेज त्या त्या माणसाला विचारून स्वतंत्र उतरवून घ्यावेत. संशोधकांची आपसातली चर्चा झुलिपवर किंवा स्वतःच्या सर्व्हरवरील मॅट्रिक्स या खुल्या चॅट व्यवस्थेवर ठेवावी. स्लॅक या चॅट सॉफ्टवेअरच्या फुकट योजनेत नव्वद दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत, हे अनेक विभागांना प्रबंध लिहिताना कळते.

मृगबहार
वेगळ्या गटात कोणी येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. लोक भाव आणि फवारणी विचारायला येतात, आपल्या अभ्यासाला नव्हे. मात्र चालू गटात ॲडमिनला विचारून सूचना टाकावी आणि कोणाचा मजकूर छापण्यापूर्वी त्यालाच दाखवावा, इथपर्यंत मी येतो. प्रत्येक सदस्याची लेखी संमती घ्या म्हणाल, तर ते मला आजही पटत नाही. त्या विद्यार्थ्याने आपला प्रश्न इथे पुन्हा नीट मांडावा. काटोलच्या ॲडमिनशी बोलायला मी त्याच्याबरोबर येईन.