काटेसावर वाळलेली नाहीये, तोडू नका! सोसायटीतल्या लोकांना कसं पटवायचं?

माळावरची_आजी:
नमस्कार मंडळी. मी आणि हे तळेगावच्या बाजूला एका ज्येष्ठांच्या सोसायटीत राहतो, चार वर्षं झाली. मागच्या बाजूला एकरभर जागेत आधीच्या लोकांनी खूप हौसेने देशी झाडं लावलीयेत, काटेसावर, पांगारा, दोन बहावे, ताम्हण, एक बुचाचं झाड, आणि प्रत्येकाला नावाची पाटी. आम्ही सगळे सकाळी तिथेच फिरतो. आता जानेवारी लागला की सावरीची सगळी पानं गळतात आणि दरवर्षी मीटिंगमध्ये तेच, झाड वाळलंय, कचरा होतो, फुलांवरून कोणीतरी पाय घसरून पडेल, काढा आणि सरळ अशोक लावा. यंदा ठराव मांडणारेत. मला रात्री झोप लागत नाही हो, त्या झाडावर फेब्रुवारीत सकाळी सात वाजता जी गर्दी असते ती यातल्या निम्म्या लोकांनी बघितलेलीच नाही. काय सांगू त्यांना? आणि अजून काय लावलं तर वर्षभर काही ना काही फुललेलं राहील?

पाचोळा:
काकू, आधी एक छोटी फांदी घ्या आणि नखाने साल खरवडून दाखवा, आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे हे कोणालाही कळतं. सावर पानं टाकते ती उन्हाळ्याआधी पाणी वाचवायला, आणि फुलं उघड्या फांदीवर येतात म्हणून पक्ष्यांना लांबून दिसतात. लाल पेल्यासारखं जाड फूल, त्यात भरपूर मध, मैना बुलबुल शिंजीर कावळे खारी सगळे तिथेच. पांगारा आणि पळसही असेच, आधी फुलं मग पानं.
पण पाय घसरण्याची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. सावरीचं फूल वजनदार असतं, फरशीवर पडून चिरडलं की बुळबुळीत होतं. फिरायची वाट तेवढी दहा-पंधरा फूट बाजूने वळवा, बुंध्याभोवती दगडांचं आळं करा, फुलं आत पडू देत. झाड हलवता येत नाही, वाट येते.

देवराई७२:
अशोक म्हणून जो सरळसोट लावतात तो खोटा अशोक. खरा सीताअशोक वेगळा, फेब्रुवारी ते एप्रिल केशरी गुच्छ येतात, तोच लावा म्हणावं, मग अशोकवाले पण खूश.
महिन्यांचं म्हणाल तर तुमच्याकडे बरंच आहे. सावर-पांगारा झाले की एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण (आपलं राज्यपुष्प, पण त्याला पाणी लागतं, उन्हाळ्यात विसरू नका). पावसाळा रिकामा दिसतोय, तिथे कदंब आणि पारिजातक टाका. पारिजातक बाकाच्या शेजारीच हवा, पहाटे सडा पडतो आणि वाकून वेचता आला नाही तरी बसून वास घेता येतो. ऑक्टोबरनंतर बुच आहेच, फक्त त्याच्या फांद्या ठिसूळ, पावसाआधी छाटून घ्या आणि खाली बाक ठेवू नका. सातवीण मात्र एकच लावा आणि खोल्यांपासून लांब, रात्रीचा तो उग्र वास दम्याच्या माणसांना सोसत नाही. आमच्या आईला व्हायचा त्रास.
उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ते आपलं देशी झाड नाही. त्यापेक्षा कोपऱ्यात लिंबू नाहीतर पपनस लावा, ब्लू मॉर्मन फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, नातवंडं आली की दाखवायला.
आणि हो, नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर नुसता ठराव करून झाड तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते. पण हे शेवटी काढा, आधी प्रेमाने सांगा.

जर्सीवाली:
आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे मेडफर्ड लीज म्हणून ज्येष्ठांची वसाहत आहे, तिथे अख्खं बार्टन आर्बोरेटम आहे, म्हणजे राहायची जागाच वृक्षोद्यान. इकडे झाडं कितीतरी महिने उघडी असतात, त्याला कोणी वाळलं म्हणत नाही. उलट विच हेझल नावाचं झुडूप भर थंडीत बिनपानाच्या फांदीवर पिवळं फुलतं आणि लोक स्वेटर घालून मुद्दाम बघायला जातात. काकू, तुम्ही पण मीटिंग हॉलमध्ये घेऊ नका, झाडाखाली घ्या, सकाळी.

माळावरची_आजी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ह्यांनी आणि मी वाटेसाठी चुना टाकून खुणा केल्या, वळण बारा फुटांवर बसतंय. फांदी खरवडून सेक्रेटरींना दाखवली, त्यांनी स्वतः नखाने परत करून बघितलं. मीटिंग फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला सावरीखाली ठरवलीये, खुर्च्या आणि चहा माझ्याकडे. खालच्या फांदीवर कळ्या धरल्यात, काळपट हिरव्या, बोराएवढ्या.