मदत हवी आहे: ‘उन्हाळा’मधला ‘उ’ लघू की गुरू?

भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे प्रत्येक चरणात ‘य’ गण (लघू, गुरू, गुरू) चार वेळा येऊन 12 अक्षरे साधतील अशा बेताने, मी काही श्लोक रचत असून ‘उन्हाळा सरे अन् नभी मेघ येती’ या चरणापाशी अडलो आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानावे, या नियमाने पहिलाच गण बिघडतो. परंतु मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणताना ‘उ’वर आघात येत नाही, त्यामुळे कानाला (आणि मी कानावरच अधिक विसंबतो) तो लघूच वाटतो. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांचेही तसेच. मात्र ‘चिन्हे’ या शब्दात तोच ‘न्ह’ असूनही ‘चि’वर आघात स्पष्ट जाणवतो. मग ‘चिन्ह’सारख्या तत्सम (संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या) शब्दांसाठी वेगळा नियम धरावा, की सर्वत्र उच्चारच प्रमाण मानावा? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह सांगावे.