ब्रिटनमधील चिनी वैद्य: निर्बंध औषधावर, मोकळीक पाटीला

लंडनस्थ:
युरोपीय संघाचा 2004 चा पारंपरिक वनौषधींविषयीचा निर्देश ब्रिटनमध्ये 30 एप्रिल 2011 पासून पूर्णपणे लागू झाला. कारखान्यात तयार झालेल्या औषधाची त्याखाली नोंदणी करायची, तर ते किमान 30 वर्षे, त्यांपैकी 15 वर्षे युरोपीय संघात, वापरात असल्याचा पुरावा द्यावा लागे; ब्रिटन संघाबाहेर पडल्यावरही अशी नोंदणी लागतेच. त्यामुळे चिनी वैद्य समोरच्या रुग्णाची नाडी आणि जीभ पाहून मुळ्या-साली तोलून काढ्याची पुडी बांधून देऊ शकतो. तेच मिश्रण बाहेरच्या कारखान्यातून आलेल्या, नोंदणी नसलेल्या गोळ्यांच्या रूपात मात्र देऊ शकत नाही. एवढे असूनही 'वनौषधी वैद्य' अशी पाटी कोणीही लावावी, कारण त्या नावाला कायद्याचे संरक्षणच नाही. वैद्यांची वैधानिक नोंदणी करू, असे सरकारने 2011 मध्ये जाहीर केले होते. वनौषधी वैद्यांच्या नियमनाविषयी डेव्हिड वॉकर यांनी 2015 मध्ये सरकारला दिलेल्या अहवालानंतर तो विषय बारगळला. रीतसर शिकलेल्याचे हात बांधायचे आणि भोंदूला मोकळे सोडायचे, असा हा कारभार आहे. तिथल्या आयुर्वेद वैद्यांचीही हीच गत आहे.

शंकेखोर:
असहमत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधील वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही भलतीच, विषारी वनस्पती दिली गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी होत गेली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. औषध लिहून देणारे चांगले पदवीधर डॉक्टर होते! तेव्हा माणसाची नोंदणी करून काय साधते? शिवाय सरकारी शिक्का दिसला की औषधाला गुण आहे, असाच अर्थ रुग्ण घेतो.

लंडनस्थ:
माल तपासावा, याला माझी ना नाही. परंतु गोळीला जी नोंदणी लागते, ती पुडीतल्या सुट्या मुळ्यांना लागत नाही, आणि ब्रसेल्ससारखी अदलाबदल तिथेच सहज खपून जाते. ती मुळी ओळखायची जबाबदारी मग पाटीवाल्यावरच येते ना?

मेलबर्नकर:
इकडे ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2012 पासून चिनी वैद्यांची राष्ट्रीय नोंदणी आहे. त्याआधी व्हिक्टोरिया राज्याने 2000 मध्येच कायदा केला होता. नोंदणीशिवाय 'चिनी वैद्य' म्हणवून घेता येत नाही आणि तक्रार आल्यास नोंदणी मंडळ चौकशी करते. मात्र वार्षिक शुल्क, विमा, सततचे प्रशिक्षण आणि इंग्रजीची अट हे सारे वैद्याच्याच गळ्यात पडते, आणि चीनमधून आलेल्या, उतारवयात पोहोचलेल्या वैद्याला त्यातली शेवटची अट सर्वांत जड जाते.

शंकेखोर:
भाषेची अट मला तरी रास्त वाटते. रुग्ण रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी घेत असेल, तर ते वैद्याला कळलेच पाहिजे, कारण काही वनौषधींनी तिचा परिणाम बदलतो.