शब्दचर्चा: 'इंडस्ट्रियल म्युझिक'ला 'औद्योगिक संगीत' म्हणावं का? (सोबत मेनस्ट्रीम, सीन, सेलआउट)

शाईपेन

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. सत्तरच्या दशकात लंडन-शेफील्डकडे उगवलेलं इंडस्ट्रियल म्युझिक, आणि नव्वदीत ते धो धो चालायला लागल्यावर त्याच्या जुन्या मंडळींचं काय झालं, असा विषय आहे. संपादकांनी बजावलंय की इंग्रजीची खिचडी नको. पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'औद्योगिक संगीत' लिहिलं. घरच्या टीकाकारांनी पान वाचून विचारलं, "म्हणजे आयटीआयच्या स्नेहसंमेलनातलं का?"

चार शब्दांपाशी अडले आहे: इंडस्ट्रियल, मेनस्ट्रीम, सीन (या संगीताभोवती जमलेली मंडळी) आणि सेलआउट (पैशासाठी आपलं तत्त्व सोडणारा). कोशातला अर्थ माहीत आहे, वापरातला हवा आहे.

कोशकीटक

'औद्योगिक' हा शब्द मराठीत कचेरीतून आला आणि कचेरीतच राहिला. औद्योगिक वसाहत, औद्योगिक न्यायालय, औद्योगिक कलह. या पंगतीत 'संगीत' बसवले की हसू येणारच. पण म्हणून तो लगेच खोडू नका, कारण इंग्रजीतही त्या शब्दाची पंगत हीच होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. हातांचा वेग टिकावा म्हणून गाणी. अमेरिकेत मोठ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांच्या मेळाव्यांसाठी चक्क संगीतिका बसवून घेत. ट्रॅक्टरवर गाणी, न्हाणीघरातल्या टबांवर गाणी. त्यांना 'इंडस्ट्रियल म्युझिकल' असेच म्हणत. तेव्हा १९७६च्या आधी हा शब्द ऐकून इंग्रज माणसाच्याही डोळ्यांपुढे काहीतरी सरकारी किंवा कंपनीछाप आले असते.

एक धोका मात्र सांगतो. 'कामगारांचे संगीत', 'गिरणी संगीत' असे काही करायला जाऊ नका. मराठी वाचकाला तिथे लालबाग-परळ आणि शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आठवतील. ती परंपरा पूर्ण वेगळी.

भोंगा

कोशकीटक यांना +१. आणि ती रुक्ष पंगत त्या लोकांनी मुद्दाम निवडली होती.

१९७५ साली लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल नावाची चौघांची टोळी जमली: जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन, ख्रिस कार्टर. हॅकनी भागातल्या एका कारखान्याच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ, त्याला ते 'डेथ फॅक्टरी' म्हणत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी काढली, 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'. तिचं घोषवाक्य सुचवलं सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉन्टी कझाझा या कलाकाराने: 'औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत'. यात 'इंडस्ट्री' म्हणजे कारखाना आहेच, पण संगीताचा धंदा हाही अर्थ आहे. आणि 'रेकॉर्ड्स' म्हणजे तबकड्या तसंच दफ्तर. पहिल्याच अल्बमचं नाव 'दुसरा वार्षिक अहवाल'! पांढरं कोरं वेष्टन, वर चिकटवलेली चिठ्ठी, पहिल्या खेपेला ७८५ प्रती. एखाद्या सहकारी पतपेढीने काढल्यासारखं सगळं.

म्हणून लेखाच्या पहिल्या भागात 'औद्योगिक संगीत' ठेवाच. ते कोरडं वाटणं हाच त्यातला विनोद आहे.

फक्त त्यात घणाचे आवाज शोधू नका. थ्रॉबिंग ग्रिसलच्या ध्वनिमुद्रणात गुणगुण आहे, खरखर आहे, टेपवर पकडलेली माणसांची बोलणी आहेत. ख्रिस कार्टरने इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेल्या आराखड्यावरून एक डबा जोडला होता. त्यातून गिटार काय नि आवाज काय, काहीही घातलं तरी चिरफाळून बाहेर येई. त्याला ते 'ग्रिसलायझर' म्हणत. 'यंत्रसंगीत' लिहिलंत तर वाचक हातोडे नि इंजिनं शोधत बसेल आणि हे हाती लागणार नाही.

तिरकस

सगळे कारखान्यात शिरलात, घरचा 'उद्योग' विसरलात. "काय हे उद्योग करून ठेवलेस!" असं आई म्हणते तो. याच चौघांच्या कलागटाने १९७६च्या ऑक्टोबरात लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत प्रदर्शन भरवलं. त्यात वापरलेले टॅम्पॉन आणि कोझीची नग्न मासिकांत छापलेली छायाचित्रं मांडली. निकोलस फेअरबर्न नावाच्या खासदाराने 'हे सभ्यतेचे विध्वंसक आहेत' म्हणून झोडपलं. एवढे उद्योग केल्यावर 'उद्योगी संगीत' म्हणायला काय हरकत आहे? (हलकेच घ्या.)

हॅम्बर्गकर

शाईपेनताई, लंडनवर थांबू नका, घणाचे आवाज इकडे आहेत. पश्चिम बर्लिनच्या आइनष्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या गटाचा पहिला कार्यक्रम १ एप्रिल १९८०चा. नावाचा अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. इथे 'नव्या' हा शब्द गाळू नका. जर्मनीत 'नॉयबाउ' म्हणजे युद्धानंतर भराभर उभारलेल्या इमारती, आणि जुनं टिकाऊ बांधकाम ते 'आल्टबाउ'. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या चाळी पडल्याच्या बातम्या वाचून डोळे सरावलेत, त्यामुळे वाचक मनातल्या मनात 'जुन्या' वाचण्याचा संभव आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या काँग्रेसहॉलचं छत खरोखरच कोसळलं.

ह्यांचं जून १९८०चं एक ध्वनिमुद्रण बर्लिनमधल्या महामार्गाच्या पुलाच्या पोकळीत झालंय. पुलाच्या आतल्या बाजूवरच ठोकलेलं. नाव 'श्टालमूझीक', म्हणजे पोलादसंगीत. तेव्हा बर्लिनपुरता मराठी शब्द हवा असेल तर तो तयारच आहे. भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन ही ह्यांची वाद्यं. १९८४च्या जानेवारीत ह्यांतल्या काही जणांनी लंडनच्या त्याच आयसीएत काँक्रीट मिक्सर आणि ड्रिल घेऊन रंगमंचालाच भोक पाडायला घेतलं. संस्थेने वीसेक मिनिटांत कार्यक्रम आवरायला लावला.

शाईपेन

वा, पोलादसंगीत उचलते. आता 'मेनस्ट्रीम'. मी लिहिलंय: 'नव्वदीत हे संगीत मुख्य प्रवाहात आले.' वाक्य बरोबर आहे, पण वाचताना उलटंच काहीतरी वाटतंय.

कोशकीटक

वाटणारच. मराठीत 'मुख्य प्रवाहात येणे' ही चांगली गोष्ट आहे. वंचित मुले शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात येतात, शरण आलेले नक्षलवादी समाजाच्या मुख्य प्रवाहात येतात. तुमचे वाक्य वाचून वाचक म्हणेल, बरे झाले बिचाऱ्यांचे! ज्यांच्याबद्दल लिहिता आहात त्यांच्या तोंडी मात्र ती शिवी होती. बोलणारा आतला असेल तर 'बाजारी झाले' म्हणा. बाहेरून सांगत असाल तर 'सर्वतोमुखी झाले', 'चलनी झाले'. सिनेपरीक्षणांतला 'गल्लाभरू' हा अस्सल शब्द आहे, पण त्यात गल्ला भरण्याचा हेतू गृहीत धरला जातो. हेतू नसताना गल्ला भरला तर तो चालणार नाही.

भोंगा

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमचा लेख खरा इथे आहे.

थ्रॉबिंग ग्रिसलने १९८१मध्ये 'मोहीम संपली' अशी पोस्टकार्डं पाठवून दुकान बंद केलं. शब्द मात्र मोकळा सुटला. शिकागोत जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर यांचं लिंकन अॅव्हेन्यूवर 'वॅक्स ट्रॅक्स' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्यातूनच त्याच नावाची कंपनी निघाली. बेल्जियमचे फ्रंट २४२, मूळचे हॅम्बर्गचे केएमएफडीएम, शिकागोचे मिनिस्ट्री असे गट तिच्या आसऱ्याला. नाचता येईल असा ठेका आला, मग मेटलच्या गिटारी आल्या. तोवर 'इंडस्ट्रियल' म्हणजे एक ओळखू येणारा आवाज झाला होता.

१९८९ला नाइन इंच नेल्सचा, म्हणजे ट्रेंट रेझनरचा, पहिला अल्बम आला. १९९१ला लोलापलूझा या फिरत्या संगीतमेळ्यात रेझनर, पुढच्या वर्षी मिनिस्ट्री. १९९४ला रेझनरचा 'द डाउनवर्ड स्पायरल' बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉक या संगीतमेळ्याच्या पंचविशीला नाइन इंच नेल्सचे लोक नखशिखान्त चिखलात माखून वाजवताना अमेरिकाभर दिसले. त्यानंतर विशीतल्या अमेरिकन पोराला 'इंडस्ट्रियल' म्हणजे काय विचारलंत तर तो तो चिखल सांगायचा, हॅकनीचं तळघर नव्हे. मजा अशी की १९९३ला रेझनरला ग्रॅमी मिळालं ते 'मेटल'च्या खात्यात.

शब्द असा हातातून गेल्यावर जुन्या मंडळींनी काय केलं? त्यांनी बारीक बारीक शब्द धरले. हे ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक), ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, हे इंडस्ट्रियल मेटल, 'खरं' ते पोस्ट-इंडस्ट्रियल. यातले काही शब्द आधीच होते, ईबीएम फ्रंट २४२नेच १९८४च्या सुमारास रूढ केला होता. पण आधी ते वर्णन करायचे, आता कुंपण घालायला लागले. ऐंशीत एकाच तिकिटात हे सगळं ऐकणारे लोक नव्वदीत एकमेकांचे कार्यक्रम टाळू लागले. लोकप्रियतेने संगीत बिघडलं की नाही यावर भांडत बसता येईल, पण वर्तुळाचे तुकडे झाले हे नक्की.

म्हणून म्हणतो, सबंध लेखभर एकच प्रतिशब्द ठेवू नका. १९८१पर्यंत 'औद्योगिक संगीत', बर्लिनला 'पोलादसंगीत', आणि १९९०नंतर सरळ 'इंडस्ट्रियल', देवनागरीत, अवतरणाशिवाय. तोवर ते दुकानातल्या फळीवरचं लेबल झालेलं आहे.

तिरकस

आवाजाच्या शब्दांत 'खडखडाट' राहिला की! वॅक्स ट्रॅक्सचा संपूर्ण इतिहास त्या एका शब्दात बसतो. १९९२ला त्यांच्या शैलीवर मोठ्या कंपन्या गल्ला भरत होत्या आणि ह्यांनी दिवाळं काढलं. टीव्हीटी नावाच्या कंपनीने त्यांना विकत घेतलं. रेझनरचा पहिला अल्बमही त्याच टीव्हीटीचा.

मधली_आळी

भोंगाभाऊंच्या 'वर्तुळाचे तुकडे' या सांगण्यावर माझा आक्षेप आहे. लेखिकेने एवढंच घेतलं तर लेख एकांगी होईल.

थ्रॉबिंग ग्रिसलचा पीटर क्रिस्टोफरसन याच रेझनरसाठी चित्रफिती दिग्दर्शित करत होता, 'मार्च ऑफ द पिग्ज'ची त्यानेच केली. त्याच्या कॉइल या गटाने नाइन इंच नेल्सची गाणी नव्याने मिसळून दिली. रेझनरने मिळालेल्या वजनातून 'नथिंग' नावाची कंपनी चालवली आणि तिच्यातर्फे नॉयबाउटेनचा अल्बम अमेरिकेत काढला. संस्थापकच जर बाजाराच्या पंगतीला बसले होते, तर सोवळं नेमकं कोण पाळत होतं? मला तर वाटतं, श्रोते पाळत होते. मिनिस्ट्रीची गोष्ट त्याहून उलटी. त्यांचा १९८३चा पहिला अल्बम गोड गोड सिंथ-पॉप; अॅल यूर्गनसनने तो पुढे नाकारला. हा माणूस बाजारातून गोंगाटाकडे गेला आणि तिथे जास्त खपला!

भोंगा

क्रिस्टोफरसनचा मुद्दा मान्य, तो लेखात यायलाच हवा. पण स्किनी पपी विसरू नका. व्हँकुव्हरचा गट, १९८२पासूनचा, स्वतःच्या गतीने चाललेला. १९९३ला निर्माता रिक रूबिनच्या मोठ्या कंपनीशी करार झाला, कॅलिफोर्नियात मालिबूला नेऊन ध्वनिमुद्रण सुरू केलं, निर्माते बदलले, आपसांत फाटलं. १९९५च्या ऑगस्टमध्ये गटातला ड्वेन गॉटल अमली पदार्थांनी गेला, आणि अल्बम आला तेव्हा गट उरला नव्हता. याला श्रोत्यांचं सोवळं जबाबदार नाही.

शाईपेन

दोन्ही घेते. 'सेलआउट'ला मधल्या आळीच्या सोवळ्यावरून 'बाटले' सुचतंय. बसतं का?

कोशकीटक

भाव नेमका बसतो, कारण तक्रार पैशाची नसून विटाळाची असते. पण 'बाटणे' या शब्दाला मराठीत जातीचा आणि धर्मांतराचा इतिहास चिकटलेला आहे. कोणाच्या तोंडी अवतरणात घालायचा तर घाला, लेखिकेच्या निवेदनात नको. तिथे 'विकले गेले' पुरेसे आहे. 'धंदेवाईक' आणि 'व्यावसायिक' यांतला फरकही सांभाळा. नाटकवाले तो रोज सांभाळतात: 'व्यावसायिक' हे वर्णन, 'धंदेवाईक' हा आरोप.

हॅम्बर्गकर

'सीन'ला 'वर्तुळ' लिहा. 'चळवळ' लिहू नका, हे लोक कशासाठी चळवळ करत नव्हते. अपवाद लंडनच्या टेस्ट डिपार्टमेंट या गटाचा: १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात ते दक्षिण वेल्सच्या संपकरी कामगारांच्या गायकवृंदाबरोबर उभे राहिले, एकत्र अल्बम काढला. त्या परिच्छेदात 'चळवळ' शोभेल.

तिरकस

'सीन' तसाच ठेवला तर पुण्यातलं पोरगं विचारेल, "काय सीन झाला?"

शाईपेन

'वर्तुळ' पक्कं. शेवटचं एक: चाहत्यांना 'रिव्हेटहेड' म्हणायचे. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराच्या परिच्छेदातही हाच शब्द घालू का?

भोंगा

शब्द तसाच ठेवा. रिव्हेट म्हणजे काय ते फॅब्रिकेशनच्या कुठल्याही वर्कशॉपात कळतं. लष्करी बूट, काळे कपडे, नव्वदीच्या आसपासची अमेरिका एवढं एकदा सांगितलंत की झालं.

कोलंबाइनपाशी मात्र नको. २० एप्रिल १९९९च्या त्या शाळेतल्या गोळीबारानंतर मारेकऱ्यांतल्या एकाच्या संकेतस्थळावर केएमएफडीएमच्या गाण्यांच्या ओळी सापडल्या. गटाने लगेच निवेदन काढून निषेध केला, आणि नेमका गोळीबाराच्याच दिवशी त्यांचा 'अदियोस' हा अल्बम बाजारात आला होता. माध्यमांनी मात्र सर्वांत जास्त झोडपलं ते गायक मॅरिलिन मॅन्सनला, दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम त्याला रद्द करावे लागले. काळा कोट दिसला की 'गॉथ' (काळे कपडे घालणारा आणखी एक संगीतपंथ) असं सरसकट छापलं जात होतं. त्या गोंधळात आणखी एक टोपणनाव कशाला? तिथे नुसतं 'केएमएफडीएमचे श्रोते' लिहा.